जे ३५ पासून सी ०९ पर्यंत : बाबांच्या टॉन्सिल कॅन्सरचा कोड दुरुस्त करून घेताना

बाबांचा शेवटचा शेक (रेडिएशन) २९ नोव्हेंबर २०२४ ला झाला आणि विम्याचे अडकलेले पैसे २ डिसेंबरला खात्यावर आले. तेव्हाच हे लिहायचं होतं, पण ती फाइल पुन्हा उघडायची इच्छाच होत नव्हती. मध्यंतरी ओळखीतल्या एका बाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांना तोच आजार आणि विम्याचा तोच नकार. त्यांना सगळं सांगताना जाणवलं की तारखा विसरायच्या आत हे लिहून ठेवायला हवं.

आम्ही तासगावचे. बाबांचं वय ६३, दीड एकर द्राक्षबाग. मी सांगलीत एका पतसंस्थेत नोकरी करते. बाबांच्या नावावर ५ लाखांची आरोग्य विमा पॉलिसी मी काढली होती, ५ जुलै २०२३ पासून. अर्जात तंबाखूचा रकाना होता. एजंट म्हणाला, "ताई, नाही लिहा, हप्ता कमी बसेल." मी 'होय, तीस वर्षांपासून' असं लिहिलं आणि हप्ता वाढीव भरला. त्या एका ओळीनं पुढे आम्हाला वाचवलं.

२०२४ च्या जुलैअखेरीस बाबांचा घसा डावीकडे दुखायला लागला. गिळताना त्याच बाजूच्या कानात कळ जायची. गावातल्या डॉक्टरांनी दोन वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. ८ सप्टेंबरला, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, आई बाबांच्या डोक्याला तेल लावत होती. तिच्या हाताला मानेत सुपारीएवढी गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून बाबांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. घशाची एकच बाजू तीन आठवड्यांहून जास्त दुखत असेल आणि त्याच बाजूचा कान ठणकत असेल, तर तिसऱ्या कोर्सची वाट बघू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आम्ही सहा आठवडे घालवले, त्याचं वाईट मला अजून वाटतं.

९ तारखेला मिरजेला गेलो. डॉक्टरांनी तोंडात बॅटरी धरली आणि बराच वेळ बघत राहिले. डावा टॉन्सिल उजव्याच्या दुप्पट होता, पण वरून गुळगुळीत, जखम नाही. ११ तारखेला सीटी स्कॅन झाला, ६,५०० रुपये. डॉक्टर म्हणाले, वरवरचा तुकडा घेऊन भागणार नाही, डावा टॉन्सिल काढून पूर्णच तपासायला पाठवू. मानेतल्या गाठीतही सुई घालून पाणी घेतलं. ऑपरेशन १९ सप्टेंबरला ठरलं, विसर्जनानंतर दोन दिवसांनी.

१८ तारखेला संध्याकाळी रुग्णालयाच्या इन्शुरन्स डेस्कवरून कॅशलेसची पूर्वपरवानगी मागितली. कॅशलेसच्या अर्जाला एका तासात उत्तर द्यायचं, असा नियम विमा नियामकानं २०२४ च्या मे महिन्यात केला आहे. उत्तर चाळीस मिनिटांत आलं. नकार. कारण : 'टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया. पॉलिसीची २४ महिन्यांची प्रतीक्षा पूर्ण नाही.'

पॉलिसीला चौदा महिने झाले होते. मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा अशा काही ठरावीक आजारांवर पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, हे मला माहीत होतं. त्या यादीत टॉन्सिल असतो हे माहीत नव्हतं. रात्री आठ वाजता वाद घालायची ताकद नव्हती आणि सकाळी सातला ऑपरेशन होतं. पतसंस्थेतून उचल घेतली. २० तारखेला डिस्चार्ज मिळाला, बिल ५८,४०० रुपये. डिस्चार्ज कार्डावर लिहिलं होतं : 'डाव्या टॉन्सिलची वाढ. तपासणी अहवाल यायचा आहे.' अशा वेळी बिलाच्या मूळ पावत्या, औषधांची चिठ्ठ्यांसकट बिलं आणि नकाराचं पत्र जपून ठेवा. मी रागानं ते पत्र फाडणारच होते, आईनं हातातून काढून घेतलं.

अहवाल २६ सप्टेंबरला मिळाला. लॅबच्या खिडकीपाशी उभ्या उभ्याच वाचला. 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा', म्हणजे कॅन्सर, एवढे शब्द कळले, पुढचं दिसेना. कापलेल्या भागाची कड मोकळी नव्हती, म्हणजे कडेलाही कॅन्सरच्या पेशी होत्या, आणि मानेतल्या गाठीतही त्याच पेशी होत्या. घरी कसं सांगायचं याची एसटीत तासभर जुळवाजुळव केली. बाबा ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "कळलं मला. पुढं काय करायचं ते सांग."

३ ऑक्टोबरला पी१६ नावाच्या तपासणीचा अहवाल आला, निगेटिव्ह. टॉन्सिलचे काही कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतात. ते उपचारांना चांगली दाद देतात, म्हणून २०१८ पासून त्यांचे टप्पे वेगळे मोजतात. आमचा त्यातला नव्हता. टी२ (मूळ गाठीचा आकार), एन१ (मानेतल्या ग्रंथीत पसरलेला), म्हणजे तिसरा टप्पा. डॉक्टरांनी ३३ शेक आणि दर आठवड्याला एक असे सहा केमो सांगितले. शेकानंतर जबड्याच्या हाडाला जखम भरायला अवघड जातं, म्हणून आधी किडलेले दोन दात काढले, ४ ऑक्टोबरला. दुसऱ्या दिवशी चेहऱ्याचा जाळीदार मास्क केला. सुरुवात १४ ऑक्टोबरला, सोमवारी. शेकांचं पॅकेज १ लाख ८५ हजार, केमोचा खर्च वेगळा.

आता तर कॅन्सर सिद्ध झालाय, आता कोण अडवणार, अशा समजुतीत ८ ऑक्टोबरला मी दुसऱ्यांदा इन्शुरन्स डेस्कवर गेले. दुपारी उत्तर आलं. पुन्हा नकार. कारण तेच, शिवाय एक ओळ जास्तीची : 'सुचवलेला उपचार निदानाशी जुळत नाही.'

ती ओळ मी दहा वेळा वाचली. अहवाल जोडला होता. डॉक्टरांचं पत्र जोडलं होतं. त्यात ठळक अक्षरांत 'सीए टॉन्सिल', म्हणजे टॉन्सिलचा कॅन्सर, असं लिहिलं होतं. मग जुळत नाही ते काय?

रात्री स्वयंपाकघरात सगळे कागद पसरून बसले. पतसंस्थेत काम करताना एक सवय लागलीय, आकडे आधी बघायचे. पूर्वपरवानगीच्या फॉर्मवर निदानाच्या शेजारी एक लहान चौकट असते, 'आयसीडी-१० कोड' अशी, म्हणजे त्या आजाराचा ठरलेला क्रमांक. १८ सप्टेंबरच्या फॉर्ममध्ये त्या चौकटीत होतं जे ३५.१. ८ ऑक्टोबरच्या फॉर्ममध्येही जे ३५.१. (फॉर्मवर अक्षर इंग्रजीत असतं.) शेजारी निदान नवीन, कोड जुना. संगणकात बाबांचं नाव टाकल्यावर आधीची नोंद तशीच ओढली गेली होती. विमा कंपनीची कामं बघणाऱ्या टीपीएच्या माणसानं आधी कोड बघितला असणार. टॉन्सिल वाढलाय म्हणून ३३ शेक कशाला, असं त्याला वाटलं असेल तर नवल नाही. सातबाऱ्यावर गट नंबर चुकला तर जमीन आपली असूनही कागदावर दुसऱ्याची होते, तसं झालं होतं.

९ तारखेला डेस्कवरच्या मुलीला दाखवलं. ती भांबावली. म्हणाली, "मॅडम, कोड आम्ही नाही ठरवत, वरून येतो." वर म्हणजे कुठे, याचा पत्ता लागायला अर्धा दिवस गेला. कॅन्सर विभाग म्हणाला बिलिंगला विचारा, बिलिंग म्हणालं डेस्कला विचारा. शेवटी एका वॉर्डबॉयनं सांगितलं, तळघरात मेडिकल रेकॉर्ड विभाग आहे. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिल्यांदा तिथंच जा. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात हा विभाग असतो आणि रुग्णांपैकी फारसं कुणी तिथं जात नाही.

१० तारखेला सकाळी तिथं गेले. साठीला आलेले एक काका होते, कपाळावर अष्टगंध. चहूकडे फायलींच्या भिंती. मी फॉर्म पुढे केला. त्यांनी चष्मा सरकवून तो वाचला आणि म्हणाले, "बसा ताई. हे पुसून चालणार नाही, समजून घ्यावं लागेल." मग मागच्या फळीवरून तीन जाडजूड पुस्तकं काढली. जागतिक आरोग्य संघटनेचं रोगांचं वर्गीकरण, दहावी आवृत्ती. पहिल्या खंडात कोडप्रमाणे यादी, दुसऱ्यात वापरायचे नियम, तिसऱ्यात अकारविल्हे सूची. अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली असली तरी आपल्याकडच्या विम्याच्या फॉर्मवर दहावीच चालते, असं त्यांनी सांगितलं.

त्यांनी तिसऱ्या खंडात गाठींचा तक्ता उघडला. डावीकडे शरीराचे भाग, उजवीकडे पाच रकाने : मूळ कॅन्सर, पसरून आलेला, जागच्या जागी असलेला, साधी गाठ आणि स्वरूप नक्की नसलेली. 'टॉन्सिल'वर बोट ठेवून ओळीनं सरकत गेले. मूळ कॅन्सर, सी ०९.९. साधी गाठ, डी १०.४. नक्की नसलेली, डी ३७.०. मग पहिल्या खंडात सी ०९ चं पान काढलं. टॉन्सिल ज्या खोबणीत बसतो तिथला असेल तर सी ०९.०, पुढच्या-मागच्या कमानीवरचा असेल तर सी ०९.१, दोन भागांवर पसरलेला सी ०९.८, आणि भाग स्पष्ट लिहिलेला नसेल तर सी ०९.९. त्याखाली बारीक अक्षरांत एक सूचना होती : जिभेच्या मुळाशी असलेला टॉन्सिल यात नाही, त्याचा सी ०२.४, आणि नाकामागच्या टॉन्सिलचा सी ११.१. आपण सगळ्याला टॉन्सिल म्हणतो, पुस्तकात तीन घरं वेगवेगळी.

"आणि जे ३५?" मी विचारलं.

"ते श्वसनाच्या आजारांचं प्रकरण. टॉन्सिल आणि ॲडिनॉइडचे जुनाट आजार. पॉइंट शून्य म्हणजे जुनाट सूज, पॉइंट एक म्हणजे वाढलेला टॉन्सिल. लहान पोरांची ऑपरेशनं याच्यातच येतात."

मी जरा चिडूनच म्हटलं, म्हणजे पहिल्या दिवसापासून चुकीचा कोड घातला तर. त्यावर ते जे म्हणाले ते मला फार महत्त्वाचं वाटतं. "चुकीचा नव्हता. १८ तारखेला डॉक्टरांच्या हातात काय होतं? वाढलेला टॉन्सिल आणि एक प्रश्नचिन्ह. पुरावा नसताना माणसाच्या नावावर कॅन्सर लिहायचा नसतो. चूक नंतर झाली. अहवाल आल्यावर अंतिम निदान बदललं, तेव्हा डिस्चार्ज कार्ड दुरुस्त व्हायला हवं होतं. ते कुणी केलं नाही."

माझा राग तिथंच उतरला. इतके दिवस मी ज्याला अन्याय म्हणत होते, तो एका न बदललेल्या कागदाचा परिणाम होता. त्रास तेवढाच झाला, पण कुणाकडे काय मागायचं ते आता स्पष्ट झालं.

काकांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मानेतल्या गाठीचा कोड वेगळा लावायचा, सी ७७.०, म्हणजे डोकं-चेहरा-मानेच्या ग्रंथींत पसरलेला. तो दुसऱ्या क्रमांकावर, मूळ जागा नेहमी पहिली. नाहीतर फॉर्म वाचणाऱ्याला मूळ कॅन्सर कुठला हेच कळत नाही. आणि कितवा टप्पा, पी१६ काय, हे या कोडमध्ये कुठेच येत नाही. ते अहवालातूनच जातं, म्हणून अहवाल प्रत्येक वेळी जोडायचा. कॅन्सर नोंदणीत पेशींच्या प्रकाराचा आणखी एक आकडा असतो, आमचा ८०७०/३. मुंबईत अशी नोंदणी १९६३ पासून होते, बार्शीला खेड्यापाड्यांतली १९८७ पासून, हे मला त्या तळघरातच कळलं.

मी म्हटलं, मग लिहून टाका ना सी ०९. त्यांनी मान हलवली. "मी शब्दांना आकडा देतो ताई, शब्द डॉक्टरांचे लागतात." आमच्या अहवालात 'डावा टॉन्सिल' एवढंच होतं, खोबण की कमान ते नव्हतं, म्हणून सी ०९.९. पण डिस्चार्ज कार्डावर अंतिम निदान डॉक्टरांनीच लिहून सही करायची, आणि तेही जुनं न खोडता, पुरवणी म्हणून, दुरुस्तीची तारीख घालून. खाडाखोड दिसली की क्लेममध्ये संशय येतो.

११ ऑक्टोबरला डॉक्टर दुपारी दोनपर्यंत ऑपरेशनमध्ये होते. मी साध्या कागदावर अर्ज लिहून नेला होता : अमुक तारखेला भरती, अमुक तारखेचा अहवाल, अंतिम निदानाची पुरवणी द्यावी ही विनंती. सोबत अहवालाची झेरॉक्स. त्यांनी दोन मिनिटांत चार ओळी लिहून दिल्या आणि म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाही." काकांनी कोड घातले, डेस्कवरच्या मुलीनं जुनी नोंद न ओढता नवीन फॉर्म भरला. पाठवण्याआधी मी तो वाचायला मागितला. ही सवय तेव्हापासून लागली.

चारला टीपीएकडून शंका आली. गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत त्रास '६/५२' पासून असं लिहिलं होतं, ते काय? डॉक्टर लोक आठवडे लिहिताना खाली ५२ घालतात आणि महिने लिहिताना १२. सहा आठवडे होते. कुणी सहा महिने वाचले असते तर आजार जुना असल्याचा वाद निघाला असता. गावच्या डॉक्टरांकडून व्हॉट्सॲपवर सहीचं पत्र मागवून पाठवलं. तंबाखूचीही चौकशी झाली, तिथं मूळ अर्जातली ओळ दाखवली आणि विषय मिटला.

१२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला, मंजुरीचा मेसेज आला. बाबा झेंडूची तोरणं बांधत होते. मी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी वाचला आणि तोरणाची गाठ परत सोडून नीट घट्ट बांधली.

शेकाच्या सात आठवड्यांबद्दल थोडक्यात सांगते. तिसऱ्या आठवड्यापासून तोंडात फोड, चव गेली, थुंकी दोरीसारखी घट्ट. मीठ-सोड्याच्या पाण्यानं दिवसातून सहा-सात वेळा चुळा. ६ नोव्हेंबरला नाकातून नळी घातली आणि तिच्यातून नाचणीची पातळ पेज, गाळलेलं वरण, ताक. वजन ६१ वरून ५३ वर आलं. बोलणं बंद, पाटीवर लिहायचे. लक्ष्मीपूजनाची आणि २० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची अशा दोन सुट्ट्या गेल्या, म्हणून शेवट २९ तारखेला. केमोची परवानगी दर वेळी नव्यानं घ्यावी लागायची. तिसऱ्या केमोच्या फॉर्मवर फक्त झेड ५१.१ होतं, म्हणजे 'केमोचा दिवस', आजाराचा कोडच नाही. पाठवायच्या आधी दिसलं म्हणून सी ०९.९ घालून घेतलं आणि शंका यायचं टळलं.

राहिले होते ऑपरेशनचे ५८,४००. पॉलिसीचं पुस्तक मी पहिल्यांदाच पूर्ण वाचलं. प्रतीक्षेच्या यादीत 'कान-नाक-घशाचे सौम्य विकार' आणि 'टॉन्सिल काढणे' होतं, पण यादीच्या वर एक वाक्य होतं : अपघात आणि कर्करोग यांना ही प्रतीक्षा लागू नाही. सगळ्या पॉलिसींत हे वाक्य असेलच असं नाही, आपलं पुस्तक उघडून बघा. त्या वाक्याखाली रेघ मारून, पुरवणी जोडलेलं डिस्चार्ज कार्ड, २६ सप्टेंबरचा अहवाल आणि नकाराचं ते पत्र घालून २१ ऑक्टोबरला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज दिला. प्रत हाती दिली तिथं पोच घेतली, ईमेलही केला. दोन आठवडे उत्तर नाही. ७ नोव्हेंबरला विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. संकेतस्थळ जमत नसेल तर १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावरही नोंदवता येते. तिथं मला सर्वांत उपयोगी पडली ती एक ओळ : 'प्रवेशाच्या वेळचा तात्पुरता कोड जे ३५.१, अहवालानंतरचा अंतिम कोड सी ०९.९, दोन्ही कागद सोबत.' आजाराचं वर्णन, आमची परिस्थिती, हे सगळं मी आधी लिहिलं होतं आणि नंतर काढून टाकलं.

२० नोव्हेंबरला फोन आला, फाइल पुन्हा उघडली आहे. २ डिसेंबरला ५१,२६० रुपये जमा झाले. हातमोजे, सिरिंज, नोंदणी शुल्क वगैरे कापले होते. तिथंही नकार आला असता तर पुढची पायरी विमा लोकपालाची होती. तिथं शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही, पण कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एका वर्षाच्या आत जावं लागतं. ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही त्यांनी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटावं. योजनेतल्या रुग्णालयात त्यांचं टेबल दारापाशीच असतं, आणि तिथंही तपासणीचा मूळ अहवाल आणि निदानाचे शब्द एकमेकांशी जुळावे लागतात.

२४ फेब्रुवारी २०२५ ला, शेक संपून बारा आठवडे झाल्यावर, पेट-सीटी केला. कुठेही सक्रिय आजार दिसला नाही. डॉक्टरांनी दर दोन महिन्यांनी यायला सांगितलंय. बागेत तेव्हा द्राक्षं उतरत होती. बाबांनी एक मणी तोंडात ठेवला, झोंबला, तरी हळूहळू गिळला. नळी तोपर्यंत निघाली होती.

त्या दिवशी निघताना मी तळघरात काकांना भेटायला गेले. पुढच्या तपासण्यांच्या फॉर्मवर काय लिहायचं ते त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं : झेड ०८, कॅन्सरच्या उपचारानंतरची तपासणी. ती चिठ्ठी मी फाइलच्या पहिल्या पानाला टाचणीनं लावून ठेवली आहे.